उघडलेल्या बाटलीतील सोडियम सल्फाइट

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सोडियम सल्फाइटची अर्धी वापरलेली, जुनी बाटली आहे. लेबलावर शुद्धता ९८ टक्के लिहिलेली आहे. परंतु पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राचा शून्यांक (ऑक्सिजन नसताना यायला हवे ते शून्य) तिच्या द्रावणात नीट मिळत नाही. भुकटी खराब झाली असेल का, आणि ते कसे तपासावे?
– एक प्रयोगशाळा साहाय्यक

उत्तर : तशी शक्यता बरीच आहे. लेबलावरचा आकडा बाटली भरली तेव्हाचा असतो. सल्फाइट हवेतील ऑक्सिजन घेऊन सल्फेट बनते. कोरड्या भुकटीत हे सावकाश घडते, दमट हवेत वेगाने, आणि द्रावणात तर फारच लवकर. सल्फेटही पांढरे आणि पाण्यात विरघळणारे असल्यामुळे नुसत्या नजरेने काहीच कळत नाही. बेरियम क्लोराइडने आलेला साका विरल हायड्रोक्लोरिक आम्लात पूर्ण विरघळला नाही, तर सल्फेट आहे एवढे समजते. पण ते किती आहे, हे समजत नाही.

त्यासाठी आयोडीनचे अनुमापन करावे, म्हणजे माहीत तीव्रतेचे आयोडीन किती खर्च होते त्यावरून सल्फाइट मोजावे. सुमारे ०.२५ ग्रॅम भुकटी अचूक तोलून ती ०.१ नॉर्मल (नॉर्मल हे तीव्रतेचे एकक) आयोडीनच्या ५० मिलिलिटर द्रावणात टाका, बूच लावून पाच मिनिटे ठेवा, मग १ मिलिलिटर हायड्रोक्लोरिक आम्ल घाला आणि उरलेले आयोडीन ०.१ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने मोजा. आयोडीन असल्याचे निळ्या रंगाने दाखवणारा स्टार्च शेवटी, रंग फिकट पिवळा झाल्यावर घालावा. खर्च झालेले प्रत्येक मिलिलिटर आयोडीन ६.३ मिलिग्रॅम सल्फाइट दाखवते. क्रम उलटा करून सल्फाइटच्या द्रावणात ब्युरेटमधून (तोटी असलेल्या मापननळीतून) आयोडीन सोडण्याचा मोह टाळावा, कारण तेवढ्या वेळात काही सल्फाइट हवेनेच संपते, काही सल्फर डायऑक्साइड होऊन उडून जाते, आणि मग भुकटी आहे त्याहून वाईट ठरते. माझ्या मते अशा तपासणीत सर्वाधिक चुका इथेच होतात.

शून्यांकाबाबत हिशेब असा, की १ मिलिग्रॅम ऑक्सिजन संपवायला सुमारे ७.९ मिलिग्रॅम सल्फाइट लागते. २५ अंश सेल्सिअसला हवेने संपृक्त पाण्यात लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन असतो. म्हणजे लिटरला ६५ मिलिग्रॅम सल्फाइट हिशेबाने पुरते. प्रत्यक्षात हवेतून ऑक्सिजन सतत आत येत राहतो, म्हणून लिटरला एक ग्रॅम किंवा अधिक घेतात आणि क्रिया वेगाने व्हावी म्हणून कोबाल्ट क्लोराइडचा अंश उत्प्रेरक म्हणून घालतात. ताज्या द्रावणातही शून्य आले नाही, तर दोष भुकटीत नसून यंत्राच्या पडद्यात असू शकतो.

तपासणीत शुद्धता ८०–८५ टक्के निघाली, तरी ऑक्सिजन शोषण्यासाठी ती भुकटी थोडी जास्त घेऊन खुशाल वापरावी. प्रमाण नेमके लागते अशा कामासाठी मात्र नवी, लहान आकाराची बाटली मागवावी. जुनी भुकटी आम्लाच्या कपाटात ठेवू नये. आम्लाशी संबंध आल्यास सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो, आणि दम्याच्या व्यक्तींना त्याची अल्प मात्राही त्रासदायक होते.