रजिस्टरवर 'नैसर्गिक मृत्यू' लिहू का?

वर्धा जिल्ह्यातल्या एका भावानं विचारलंय. तो एका संशोधन संस्थेच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये कंत्राटी अटेंडंट आहे, मेंदूच्या एमआरआयसाठी उंदरांना मँगनीज क्लोराईड टोचतात, आधी थोडं थोडं करून एक दिवसाआड द्यायचे, आता फोटो झकास यावा म्हणून सगळं एकदम द्या म्हणतात, तीन उंदीर थरथरून मेले आणि साहेब म्हणतात नैसर्गिक मृत्यू लिही अन् सही कर.

भाऊ, सही करू नका. बाकीचं सावकाश वाचा.

मँगनीज म्हणजे आपल्या भंडारा-नागपूरकडच्या खाणीत निघतं तेच. ते कॅल्शियमच्या वाटेनं चेतापेशीत शिरतं, म्हणून मेंदूचा जो भाग कामात असतो तो फोटोत उजळतो, एमआरआयला नेहमी टोचतात त्या गॅडोलिनियमला धडधाकट मेंदूत तसं शिरता येत नाही. पण प्रमाण वाढलं की हेच विष. फवारणीचं औषध दुप्पट टाकलं तर अळीसोबत कपाशीची पराटीही करपते, तसंच. म्हणून डोस तुकड्यात द्यायची रीत आहे. तरी डोस बरोबर की चूक हे तुम्ही ठरवू नका, मी पण नाही ठरवत. आपला प्रश्न एवढाच, मंजूर काय झालं होतं?

1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा प्रयोगाला बंदी करत नाही, कलम 14 मध्ये मोकळीक आहे. पण 1998 च्या नियमांप्रमाणे संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची आधी मंजुरी लागते आणि मंजुरीच्या अर्जात, म्हणजे फॉर्म बी मध्ये, डोस लिहिलेला असतो. तिथं तुकडे लिहिले असतील अन् दिलं एकदम, तर परवानगी मोडली. दंड मात्र फार तर 200 रुपये, हसू नका, खरंच तेवढाच! म्हणूनच म्हणतो, कायद्याच्या धाकावर बसू नका, तुमचा कागद मजबूत करा, कारण उद्या चौकशी लागली तर साहेब म्हणतील मला काय माहीत, सही तर याची आहे.

रजिस्टरमध्ये वजन, डोस, वेळ, थरथर कधी सुरू झाली, मेला कधी, जसं दिसलं तसं लिहा, मरणाचं कारण लिहू नका, ते जनावरांचे डॉक्टर पोस्टमॉर्टम करून सांगतील. त्याच दिवशी समितीच्या सचिवाला दोन ओळींचा ईमेल टाका. समितीवर प्राण्यांवरच्या प्रयोगांची देखरेख करणाऱ्या सरकारी कमिटीनं नेमलेला बाहेरचा माणूस असतो, त्यालाही कॉपी द्या. रजिस्टर घरी आणू नका अन् फोटो गावच्या ग्रुपवर तर बिलकुल टाकू नका. कामावरून काढलं तर तोंडी ऐकून निघू नका, लेखी मागा अन् तो कागद घेऊन या माझ्याकडे.