नाफ्प्लिओला गाडीने जाताना

प्रश्न : आम्ही नवरा-बायको सप्टेंबरात ग्रीसला जातोय. अथेन्सहून नाफ्प्लिओला भाड्याची गाडी स्वतः चालवत न्यायची आहे. मालवण-पणजी नेहमीचं, तिथे काय सांभाळावं?
– एक वाचक, मालवण

उत्तर : निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढाच. फॉर्म 4-ए, फी 1,000 रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. मूळ लायसन्सही जवळ हवं. अनामतीसाठी क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं लागतं. तिथेच बरेच जण अडकतात. गाडी ऑटोमॅटिक मागा. वाहतूक उजवीकडून, स्टिअरिंग डावीकडे, त्यात उजव्या हाताने गिअर बदलणं पहिल्या दिवशी नको. इंडिकेटरही डाव्या हाताला असतो, म्हणून वळताना हमखास वायपर फिरतो. डावीकडे बसून चालवण्याची सवय नसल्याने गाडी उजव्या कडेला सरकते. शेजारी बसणाऱ्याने त्या बाजूला लक्ष ठेवावं.

अंतर साधारण 140 किलोमीटर, कॉरिंथपर्यंत टोलचा महामार्ग. सुटे युरो ठेवा. वाटेत 1893 साली खुला झालेला कॉरिंथचा कालवा पुलावरून जरूर पाहा.

नाफ्प्लिओच्या जुन्या गावातल्या गल्ल्या अरुंद. गाडी बंदरावरच्या मोठ्या वाहनतळावर लावून चालत जा. पालामिदी किल्ल्याच्या पायऱ्या लोक 999 सांगतात. दगड गुळगुळीत, सावली नाही, म्हणून सकाळी लवकर चढा. गुडघे कुरकुरत असतील तर वरच्या दरवाज्यापर्यंत डांबरी रस्ता आहे. समुद्रातला बुर्त्झी किल्ला सिंधुदुर्गापुढे अगदीच चिमुकला, पण संध्याकाळी धक्क्यावरून फार देखणा दिसतो.