इंडोनेशियातल्या छोट्या बाजारगावात राहणं आणि घर घेणं कितपत सुरक्षित आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यजमानांना मध्य जावात नोकरी लागली आहे, मोठ्या शहरात न राहता बाजारपेठेच्या गावात बिऱ्हाड करायचं आहे, आणि ओळखीचा एजंट म्हणतो, ‘भाडं कशाला भरता, इथल्या कुणाच्या तरी नावावर घर घेऊन टाका.’ तर राहावं का, आणि घ्यावं का?

राहायला बिनघोर जा. घर मात्र घेऊ नका, निदान एजंट सांगतोय त्या पद्धतीने तर मुळीच नको.

आम्ही काही वर्षं मुंतिलानला होतो, नवऱ्याच्या कापडधंद्यातल्या नोकरीमुळे. योग्याकार्ता ते मगेलांग हमरस्त्यावरचं हे गाव. पूर्वेला मेरापी ज्वालामुखी, पश्चिमेला जवळच बोरोबुदुरचा प्राचीन बौद्ध स्तूप. पर्यटक बोरोबुदुरला उतरतात आणि मुंतिलान बसच्या खिडकीतून बघतात, पण आसपासच्या खेड्यांची भाजी, मिरची, सालाक फळं, सगळ्याची उलाढाल इथे. रस्त्याच्या कडेला मेरापीच्या दगडातून मूर्ती घडवणाऱ्यांची दुकानं. गावात फादर फान लिथ यांनी सुरू केलेलं जुनं कॅथलिक मिशन, चिनी मंडळींचं देऊळ, आणि गुनुंगप्रिंगला एका मुस्लिम संताची कबर, जिथे बसगाड्या भरभरून यात्रेकरू येतात. तुम्ही दुसऱ्या कुठल्या गावात जाणार असाल, पण मध्य जावातल्या बाजारगावांचं राहणीमान पुष्कळसं एकाच धाटणीचं आहे.

आधी जमिनीचं बोलू, कारण तिथे पैसे बुडतात.

इंडोनेशियाचा मूळ जमीन कायदा 1960 चा. पूर्ण मालकी, म्हणजे ‘हाक मिलिक’, फक्त इंडोनेशियन नागरिकाला. परदेशी माणसाला वारशाने किंवा लग्नामुळे अशी जमीन मिळालीच, तर वर्षाच्या आत ती सोडावी लागते. आणि याच कायद्याचं 26 वं कलम एजंट तुम्हाला कधीच वाचून दाखवणार नाही: आडमार्गाने परदेशी माणसाच्या हाती जमीन जाईल असा कुठलाही व्यवहार रद्दबातल, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. ‘पिन्जाम नामा’ म्हणजे उसनं नाव घेऊन केलेले व्यवहार नेमके यात बसतात. सोबत कर्जाची चिठ्ठी, विक्रीचं कुलमुखत्यारपत्र, लांबलचक भाडेपट्टा असा कागदांचा गठ्ठा करून देतात. दिसायला भरभक्कम. पण ज्याच्या नावावर सर्टिफिकेट, तो मालक. तो माणूस सज्जन असेलही. उद्या तो वारला, त्याचा घटस्फोट झाला किंवा त्याच्या डोक्यावर कर्ज झालं, की तुमची गाठ त्याच्याशी राहत नाही, त्याच्या वारसांशी आणि सावकाराशी पडते.

कायदेशीर वाट आहे, नाही असं नाही. परदेशी रहिवाशाला ‘हाक पाकाई’, म्हणजे वापराचा हक्क, मिळतो. 2021 च्या नियमांप्रमाणे 30 वर्षं, मग 20 ची मुदतवाढ, मग 30 चं नूतनीकरण. पण त्याला प्रांतवार किमान किमतीची अट आहे आणि ती बाजारगावातल्या साध्या घराच्या किमतीच्या कितीतरी वर असते. म्हणजे तुमच्या-आमच्यासाठी ती वाट कागदावरच. लग्न इंडोनेशियन माणसाशी झालेलं असेल तर प्रकरण निराळं. तिथे मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार लागतो, आणि तो लग्नानंतरही करता येतो असं त्यांच्या घटनात्मक न्यायालयाने 2016 मध्ये ठरवलं.

शिवाय गावाकडच्या जमिनीची स्वतःची भानगड असते. पुष्कळ तुकड्यांचं सर्टिफिकेटच नसतं. गावकचेरीतल्या ‘लेटर सी’ वहीतली नोंद दाखवतात. ती आपल्या सातबाऱ्यासारखी, सारा कोण भरतो एवढं सांगणारी. काही जमीन ‘बेंगकोक’ असते, सरपंच आणि गावकामगारांना पगाराऐवजी कसायला दिलेली. ती विकताच येत नाही, तरी विकू पाहणारे भेटतात. बाजारातला गाळाही विकत मिळतो असं सांगतील. सरकारी बाजारातला गाळा जिल्हा प्रशासनाचा असतो, व्यापाऱ्याकडे फक्त वापराचा हक्क, आणि तो रोजची पावती फाडत असतो. मुंतिलानपासून थोडं दक्षिणेला गेलं की योग्याकार्ताची हद्द लागते. तिथे तर 1975 च्या एका सरकारी सूचनेच्या आधारावर चिनी वंशाच्या इंडोनेशियन नागरिकांनाही पूर्ण मालकी नाकारली जाते. नागरिकांची ही गत, तर आपण कोण?

तेव्हा भाड्यानेच राहा. गावात भाडं बहुधा वर्षाचं एकरकमी आगाऊ देतात. घरमालकाचं ओळखपत्र आणि सर्टिफिकेट यांवरचं नाव एकच आहे का ते बघा, करारावर 10,000 रुपियांचा ‘मेतेराई’ स्टॅम्प लावून दोघांच्या सह्या घ्या. घरमालक भावाबहिणींपैकी एक असेल तर बाकीच्यांना माहीत आहे ना, हे सरळ विचारा. विचारलेलं त्यांना खटकत नाही.

आता सुरक्षिततेचं. इथे तुमचा विमा म्हणजे ‘पाक आरटी’. आरटी म्हणजे काही घरांचा शेजारगट, त्याचा निवडलेला प्रमुख तो पाक आरटी, पगार जवळपास नसलेला. गल्लीच्या तोंडाशी पाटी असते: पाहुण्याने 24 तासांच्या आत कळवावं. तुम्ही बिऱ्हाड टाकलं की त्याच दिवशी पासपोर्ट आणि किटास (तिथला राहण्याचा परवाना) यांच्या झेरॉक्स घेऊन दोघांनी त्यांच्याकडे जा, हातात काहीतरी खाऊ घ्या. त्यांच्या बायकोला ‘बू आरटी’ म्हणतात आणि खरं काम तिच्याकडूनच होतं. ती तुम्हाला बायकांच्या ‘आरिसान’मध्ये, म्हणजे भिशीत, ओढेल. नाही म्हणू नका. भाषा येत नसली तरी बसा, तळलेलं टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) खा. त्या दिवसापासून तुमच्या दारात अनोळखी स्कूटर थांबली तर चार घरं विचारायला येतात.

रात्री ‘रोंडा’ असते, पुरुषांची पाळीपाळीने गस्त. आमच्या दाराच्या चौकटीला खिळ्यावर प्लास्टिकचा एक छोटा पेला टांगलेला होता. रोज संध्याकाळी त्यात 500 रुपियांचं एक नाणं टाकायचं. काही घरं अजून मूठभर तांदूळ टाकत. याला ‘जिम्पितान’ म्हणतात. मध्यरात्री गस्तवाले टॉर्च मारत येतात, पेला पालथा करतात, वहीत खूण करतात. पैसा जमतो तो गल्लीतल्या दिव्यांना, कुणाच्या आजारपणाला. पण त्यात आणखी एक गोम आहे: दोनतीन रात्री पेला रिकामा दिसला की सकाळी कुणीतरी विचारायला येतं, सगळं बरं आहे ना? गस्तीच्या चौकीत ‘केन्तोंगान’ म्हणून पोकळ लाकडाचा ठोकळा टांगलेला असतो. तो न थांबता वाजू लागला की आग, चोर किंवा पूर.

चोऱ्या होत नाहीत असं नाही. मोटरसायकल सगळ्यात आधी जाते, मग मोबाइल, पिंजऱ्यातले गाणारे पक्षी (हसू नका, चांगल्या पक्ष्याची किंमत ऐकून घेरी येते), अंगणातली 3 किलोची हिरवी गॅसची टाकी, मशिदीबाहेरच्या चपला. मोटरसायकल रात्री घरात घ्या, सगळेच घेतात. चोर पकडला गेला तर जमाव त्याला पोलीस येईपर्यंत बेदम मारतो. ती बाजू मला कधीच पचली नाही, आणि तुम्ही अशा वेळी बाहेर न पडलेलं बरं. योग्याकार्ता आणि मगेलांगच्या पट्ट्यात ‘क्लितिह’ नावाचा प्रकारही आहे: रात्री उशिरा मोटरसायकलवरून हिंडणारी पोरं धारदार हत्याराने वाटेतल्या दुसऱ्या पोरांवर वार करतात. मध्यरात्रीनंतर हमरस्त्याला दुचाकीवर जायचं नाही, एवढं पाळलं की पुष्कळ झालं. दिवसा बाई माणूस एकटी बाजारात, पहाटेच्या अंधारात भाजीला, कुठेही जाते. छेडछाडीचा मला आपल्याकडच्यापेक्षा कमीच त्रास झाला.

खर्चाची एक बाब मात्र कुणी सांगत नाही: आहेर. लग्न, सुंता, बाळंतपण, मयत, प्रत्येकाला पाकीट द्यावं लागतं, आणि लग्नसराईच्या महिन्यात पत्रिकांचा ढीग पडतो. तो घरखर्चात धरूनच ठेवा.

खरी भीती माणसांची नाही, दोन वेगळ्याच गोष्टींची आहे. एक, रस्ता. वाळूचे भरलेले ट्रक मेरापीवरून उतरतात आणि त्यांच्यामधून शाळकरी पोरं तिघं-तिघं एका दुचाकीवर. हेल्मेटशिवाय गल्लीच्या टोकालाही जाऊ नका.

दुसरी, तो डोंगर. 2010 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मेरापी फुटला, साडेतीनशेच्या आसपास माणसं गेली, आणि 5 नोव्हेंबरला 20 किलोमीटरच्या आतल्यांना बाहेर काढलं. मुंतिलान राखेने पांढरं झालं, झाडं वाकून मोडली. पण गावाला जास्त छळलं ते नंतरच्या पावसाने. डोंगरावर साचलेली राख आणि दगड पाण्याबरोबर नद्यांतून खाली आले. जानेवारी 2011 मध्ये काली पुतिह नदी जुमोयोपाशी पात्र सोडून हमरस्त्यावर घुसली, घरं गाडली गेली, रस्ता बंद पडला. उद्रेक संपला म्हणून लोक निर्धास्त होतात आणि लाहार, म्हणजे हाच राख-दगडांचा लोंढा, त्यानंतर पावसाळाभर येत राहतो. नोव्हेंबर 2020 पासून मेरापी चारपैकी तिसऱ्या पातळीवर, ‘सियागा’वर आहे, आणि तरी खाली बाजार रोज भरतोच.

म्हणून घर बघायला जाल तेव्हा फरशी आणि नळ नंतर बघा. जवळची नदी कुठली, तिचा उगम मेरापीवर आहे का, घर काठापासून किती उंच, हे आधी. भिंतींना काँक्रीटचे खांब आहेत का तेही विचारा. 2006 च्या योग्याकार्ता भूकंपात नुसत्या विटांची घरं पत्त्यासारखी कोसळली होती. एजंट सगळ्याला हो म्हणेल. त्याला घरमालकाशी बोलत ठेवा आणि तुम्ही शेजारच्या म्हातारीला विचारा, 2011 ला पाणी कुठवर आलं होतं. ती हात करून दाखवेल.