फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलचा घुमट चढण्यासारखा आहे का? सोबत आई असेल तर?

तुमचा प्रश्न असा आहे : मे महिन्यात फ्लॉरेन्समध्ये जेमतेम दीड दिवस मिळतोय, सोबत चौसष्ट वर्षांच्या आई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. घुमट चढण्यात वेळ आणि पैसे घालावेत, की खालून फोटो काढून पुढे निघावं?

तुम्ही चढाच. आईंना चढवू नका. पण त्यांना चौकात बाकावर बसवून वाट बघायलाही लावू नका, त्यांच्यासाठी तिथे दुसरी फार चांगली गोष्ट आहे. ती पुढे सांगतो.

मी मूळचा कोल्हापूरचा. एकतीस वर्षं बांधकामाच्या साइटवर काढली. स्लॅब टाकला की सेंटरिंग, म्हणजे खालचा तात्पुरता आधार, कधी काढायचं, हा आमच्या कामातला रोजचा प्रश्न. त्यामुळे या घुमटाकडे मी प्रवाशाच्या नजरेनं बघूच शकलो नाही. बहुतेक लोक वरून शहर बघायला चढतात. वरून शहर सुंदर दिसतं, लाल कौलांचा समुद्रच. पण खरा ऐवज वाटेत आहे. या घुमटाच्या पोटातून चालत जाता येतं, आणि सहाशे वर्षांपूर्वी तो कसा उभा राहिला हे तिथल्या विटांवर डोळ्यांनी दिसतं.

थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण ती माहीत असेल तर चढण्याचा अर्थ बदलतो. सांता मारिया देल फियोरे हे कॅथीड्रल १२९६ मध्ये अर्नोल्फो दि काम्बियोच्या आराखड्यानं सुरू झालं. पुढच्या पिढ्यांनी ते आणखी मोठं केलं. शेवटी भिंती उभ्या राहिल्या, त्यांच्यावर घुमट बसायचा तो अष्टकोनी गळाही चढला, आणि वर साधारण पंचेचाळीस मीटर रुंदीची मोकळी जागा राहिली. जमिनीपासून पन्नास मीटरहून जास्त उंचीवर! ती झाकायची कशी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कमान किंवा घुमट बांधायचा तर खालून लाकडी सेंटरिंग उभं करायचं, त्यावर विटा रचायच्या आणि चुना धरला की लाकूड काढून घ्यायचं, ही सगळीकडची रीत. इथे तेवढ्या उंचीचं आणि रुंदीचं सेंटरिंग करायला लाकूड पुरेना, आणि ते स्वतःच्याच वजनानं टिकेल याची खात्री देता येईना. बाहेरून टेकू देणाऱ्या कमानी फ्लॉरेन्सच्या लोकांना नको होत्या, तेही आधीच ठरून गेलं होतं.

१४१८ मध्ये स्पर्धा जाहीर झाली. फिलिपो ब्रुनेलेस्की पुढे आला. तालीम सोनाराची, गवंडीकामाची नव्हे. त्यानं सांगितलं, मी सेंटरिंगशिवाय बांधतो. १४२० मध्ये काम सुरू झालं तेव्हा त्याच्या जोडीला लोरेन्झो गिबेर्तीलाही नेमलं होतं. बॅप्टिस्टरीच्या (कॅथीड्रलसमोरच्या बाप्तिस्म्याच्या इमारतीच्या) ब्राँझच्या दरवाजांसाठी १४०१ मध्ये जी स्पर्धा झाली तिचं काम ज्याला मिळालं, तोच हा गिबेर्ती. दोघांचं जमलं नाही, आणि घुमट ब्रुनेलेस्कीच्याच नावानं ओळखला जातो. १४३६ मध्ये घुमट पुरा झाला. सोळा वर्षं लागली, आणि पूर्ण घुमटाला आधार देणारं सेंटरिंग एकदाही जमिनीवरून उभं राहिलं नाही. विटांनी आणि दगडांनी बांधलेला एवढा मोठा घुमट जगात दुसरा नाही.

आता चढण. एकूण ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही. प्रवेश उत्तरेच्या बाजूनं, पोर्ता देला मांदोर्ला नावाच्या दारातून. सुरुवातीला जाड खांबाच्या पोटातून गोल गोल फिरणारा जिना आहे. दगडी, अरुंद, आणि पायऱ्या मधोमध झिजलेल्या. इथे धाप लागते ती उंचीपेक्षा कोंदटपणामुळे. मध्ये छोट्या खिडक्या येतात, तिथे एका बाजूला सरकून श्वास घ्या. मागचे लोक थांबतात, कुणी कुरकुरत नाही.

मग अचानक तुम्ही कॅथीड्रलच्या आत, घुमटाच्या पायाशी असलेल्या सज्जावर येता. डोक्यावर ‘अंतिम न्याय’ हे प्रचंड भित्तिचित्र. जॉर्जो वासारीनं ते १५७२ मध्ये सुरू केलं, दोन वर्षांत तो गेला, आणि फेदेरिको झुकारीनं १५७९ मध्ये पुरं केलं. खालून ते धूसर रंगांसारखं दिसतं. सज्जावरून मात्र सगळ्यात खालचा पट्टा, म्हणजे नरक, हातभर अंतरावर असल्यासारखा भासतो. राक्षस माणसांपेक्षा कितीतरी मोठे काढलेत, कारण ते खालून बघायचे होते. चित्र म्हणून मला ते फार भावलं नाही, आणि एवढ्या सुंदर बांधकामावर ते नसतं तर बरं झालं असतं असं मला मनापासून वाटतं. पण सज्जावरून खाली बघा. खालची माणसं मुंग्यांएवढी दिसतात, आणि एवढ्या उंचीवर मोकळ्या हवेत गवंडी काम करत होते हे पहिल्यांदा अंगावर येतं.

सज्जानंतरचा टप्पा माझ्यासाठी सगळ्यात मोलाचा. हा घुमट एक नाही, दोन आहेत : आतलं जाड कवच आणि त्यावर बाहेरचं पातळ कवच, मध्ये माणूस चालेल एवढी पोकळी. तुम्ही त्या पोकळीतून वर जाता. उजवीकडची भिंत तुमच्या डोक्यावर झुकत येते, डावीकडची पायाखालून निसटत जाते, आणि तुम्ही नकळत एका अंगाला कलून चालायला लागता. दोन्ही कवचांना जोडणाऱ्या फासळ्या आहेत. कोपऱ्यांवरच्या आठ बाहेरून पांढऱ्या संगमरवरात दिसतात, बाकी सोळा आत लपलेल्या. घुमट बाहेरच्या बाजूला फाकू नये म्हणून दगडाच्या साखळ्या पट्ट्यांसारख्या आत गुंफल्या आहेत, एक लाकडाचीही आहे. आज आम्ही सळई टाकतो, तिथे त्यानं दगडाला दगड अडकवला.

इथे थांबा आणि मोबाइलचा टॉर्च विटांवर मारा. आडव्या थरांमध्ये ठरावीक अंतरानं एक वीट उभी लावलेली दिसेल, पुढच्या थरात तीच उभी रांग थोडी सरकलेली, आणि असं करत ती रांग तिरकी वर चढत जाते. माशाच्या काट्यासारखी. हेच सेंटरिंगशिवाय बांधण्याचं गुपित. घुमट वर जातो तशी भिंत आत कलत जाते आणि ओल्या चुन्यावर ठेवलेली वीट घसरून पडू बघते. उभ्या विटा मधल्या आडव्या विटांना चिमट्यासारख्या धरून ठेवतात. एक पूर्ण कडं झालं की ते स्वतःचं स्वतः टिकतं, मग त्यावर पुढचं कडं. चाळीस लाखांहून जास्त विटा अशा लागल्या असाव्यात, असा अंदाज सांगितला जातो. मी तिथे एका विटेवर तळहात ठेवला. गवंड्यानं दाबलेला चुना सांध्यातून किंचित बाहेर आलेला होता, तसाच वाळलेला. माझ्या साइटवरचे मिस्त्री आठवले आणि डोळे भरून आले.

भेगाही दिसतील. घाबरू नका. त्या जुन्या आहेत, शतकानुशतकं त्यांची नोंद ठेवली जाते आणि आता त्यांच्यावर उपकरणं बसवलेली आहेत.

शेवटचा तुकडा सगळ्यात खडा, आतल्या कवचाच्या पाठीवरून जवळजवळ शिडीसारखा. वाट चिंचोळी आहे. उतरणारी माणसं समोरून आली तर भिंतीला पाठ टेकून जागा द्यावी लागते. बंद जागेची भीती, हृदयाचा त्रास, चक्कर, गरोदरपण यांपैकी काहीही असेल तर खरंच जाऊ नका, मधूनच परत फिरणं फार अवघड आहे. जाऊन-येऊन मला सव्वा तास लागला. बहुतेकांना पाऊण तास पुरतो.

तिकिटाबद्दल सावध राहा. कॅथीड्रलमध्ये नुसतं आत जायला पैसे लागत नाहीत, रांग मात्र मोठी असते. घुमटाचा समावेश फक्त ‘ब्रुनेलेस्की पास’मध्ये आहे आणि त्यावर दिवस आणि वेळ ठरवून घ्यावी लागते. ती नंतर बदलत नाही. ‘जोत्तो पास’मध्ये घंटाघराचा मनोरा आहे, घुमट नाही. ‘गिबेर्ती पास’मध्ये चढणं काहीच नाही : बॅप्टिस्टरी, संग्रहालय आणि कॅथीड्रलखालचं जुन्या चर्चचं तळघर. आम्ही एका एजंटाकडून ‘कॅथीड्रलचं तिकीट’ घेतलं होतं. दारात गेल्यावर कळलं की त्यात घुमट नाहीच. दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली वेळ नशिबानं मिळाली म्हणून निभावलं. तुम्ही थेट कॅथीड्रलच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या, मेसाठी काही आठवडे आधी, आणि शक्यतो सकाळची वेळ. रविवार टाळा, प्रार्थनेमुळे वेळा कमी होतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. मोठी सॅक आत नेता येत नाही, आधी जमा करावी लागते.

घुमटाची वेळ मिळालीच नाही तर निराश होऊ नका. जोत्तोच्या मनोऱ्याला ४१४ पायऱ्या आहेत, मध्ये मध्ये थांबायला प्रशस्त मजले आहेत, आणि तिथून खुद्द घुमट समोर दिसतो. फोटो हवा असेल तर तो मनोराच बरा. पण घुमटाच्या आतली वाट तिथे नाही.

आता आईंचं. त्यांच्यासाठी गिबेर्ती पास काढा आणि तुम्ही चढायच्या आधी त्यांना घेऊन कॅथीड्रलच्या पाठीमागच्या संग्रहालयात जा. माझ्या पत्नीचे गुडघे तेव्हा फार त्रास देत होते, ती तिथेच अडीच तास रमली. लिफ्ट आहे, बसायला जागा आहे, गर्दी बेताची. गिबेर्तीचे सोनेरी दरवाजे मुळात इथे आहेत, बाहेर बॅप्टिस्टरीला आता प्रती लावल्या आहेत. दोनातेल्लोची लाकडी मेरी मॅग्डालिन आहे, उपासानं झिजलेली, हात जोडू बघणारी. आणि मायकेलँजेलोनं म्हातारपणी स्वतःच्या थडग्यासाठी घडवायला घेतलेली पिएता, म्हणजे मृत येशूला सावरून धरल्याचं शिल्प. ती त्यानं रागाच्या भरात फोडली होती आणि नंतर दुसऱ्यानं जोडली. मागे उभ्या असलेल्या वृद्धाचा चेहरा त्याचा स्वतःचाच आहे असं मानतात. पत्नी त्या शिल्पासमोरून लवकर हललीच नाही. वरच्या मजल्यावर घुमटाची लाकडी प्रतिकृती, त्या काळची अवजारं आणि ब्रुनेलेस्कीच्या मृत चेहऱ्यावरून घेतलेला साचा आहे. तुम्हीही चढण्याआधी हे बघितलंत तर आतल्या विटा लगेच ओळखू येतील. त्याच्याही वर गच्ची आहे. तिथून घुमट इतका जवळ दिसतो की चढलेली माणसं टोकावरून हात हलवताना दिसतात. तुम्ही वर पोचलात की आईंना तिथे उभं राहायला सांगा.

बॅप्टिस्टरी दहा मिनिटांत बघून होते. छताच्या मोझेइकचं दुरुस्तीकाम चालू असेल तर परांची मध्ये येईल. कॅथीड्रलचा रंगीत दर्शनी भाग एकोणिसाव्या शतकातला आहे, त्यावर फार वेळ घालवू नका.

वर पोचलात की पश्चिमेकडे, आर्नो नदीच्या काठानं लांबवर गेलेला झाडीचा हिरवा पट्टा शोधा. ती कॅशिने बाग. तिच्या टोकाला, जिथे मुन्योने नदी आर्नोला मिळते, तिथे कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांचं स्मारक आहे. युरोपच्या प्रवासातून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. वय वीस. इटलीत तेव्हा दहनाची पद्धत नव्हती, खास परवानगी काढून दोन नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. १८७४ मध्ये तिथे छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा बसवला. आज शेजारच्या पुलालाही ‘इंडियानो’, म्हणजे भारतीयाचा पूल, असंच नाव आहे. रेल्वे स्टेशनपासून चारेक किलोमीटर पडतं, आईंना घेऊन टॅक्सीनं जा. आम्ही संध्याकाळी गेलो. पत्नीनं रस्त्यातल्या दुकानातून पांढरी फुलं घेतली होती, ती पायरीवर ठेवली. परत वळलो तेव्हा झाडांच्या वर, शहराच्या दिशेला, घुमट दिसतोय का म्हणून दोघंही बराच वेळ बघत राहिलो.