गव्हातले उंदीर: वासाच्या दाण्यांवर पैसे घालवू नका

इंदूर जिल्ह्यातल्या देपालपूर आणि हातोदकडच्या शेतकरी बंधूंचा प्रश्न: गव्हात उंदीर लागले. दुकानदाराने मांजराच्या वासाचे दाणे दिले. चार दिवस फरक पडला, मग पुन्हा तिरप्या कापलेल्या काड्या दिसू लागल्या. आता तो दुप्पट टाका म्हणतो. टाकावेत का? आणि पीक विम्यातून भरपाई मिळेल का?

नाही. दुप्पट नको आणि निम्मेही नको.

शिकाऱ्याच्या वासाची भीती उंदराला जन्मजात असते, हे खरं. प्रयोगशाळेत जन्मलेला, कोल्हा कधीच न पाहिलेला उंदीरसुद्धा कोल्ह्याच्या विष्ठेतल्या एका रसायनाच्या वासाने जागीच थिजतो. 2007 साली जपानी शास्त्रज्ञांनी नाकाकडून मेंदूत येणाऱ्या वाटांपैकी ठरावीक वाटा बंद केलेले उंदीर तयार केले. त्यांना कोल्ह्याचा वास येत होता, पण भीती वाटत नव्हती. 2016 मध्ये नोबेल विजेत्या लिंडा बक यांच्या गटाने मेंदूचा वास ओळखणारा एक छोटासा भाग शांत केला. शिकाऱ्याच्या वासाने वाढणारे ताणाचे हार्मोन दबले, तरी उंदीर थिजायचा तो थिजतच होता. म्हणजे भीतीच्या वाटाही एकापेक्षा जास्त आहेत.

पण वास रोज येतो आणि मांजर काही येत नाही, हे उंदराला लवकर कळतं. मग भीती ओसरते. डोस वाढवून त्यात काही बदलत नाही, फक्त बिल वाढतं.

उंदीर विसरत नाही ते वेगळंच. जे खाऊन पोट बिघडलं त्याचा वास आणि चव त्याच्या डोक्यात पक्की बसते, त्रास काही तासांनी झाला तरीही. आमिषात झिंक फॉस्फाइड हे उंदराचं विष जास्त घातलं की लसणासारखा उग्र वास येतो, उंदीर दोन दाणे कुरतडून सोडतो, वाचतो, आणि पुढे त्या आमिषाला तोंड लावत नाही. "जरा कडक करा" असं दुकानदार म्हणाला तर ऐकू नका. प्रमाण 2 टक्केच: 960 ग्रॅम भरडलेला गहू, 20 ग्रॅम तेल, 20 ग्रॅम औषध. चिमूटभरही जास्त नको.

संध्याकाळी सगळी बिळं मातीने बुजवा. सकाळी जी उकरलेली दिसतील, तीच जिवंत. त्यांत दोन-तीन दिवस नुसता तेल लावलेला भरडा ठेवा. ही पायरी टाळू नका, निम्म्या तक्रारी इथूनच येतात. मग झिंक फॉस्फाइडच्या आमिषाच्या 10 ग्रॅमच्या कागदी पुड्या बिळात खोल सरकवा. आठवड्याने उरलेल्या जिवंत बिळांत झिंक फॉस्फाइड पुन्हा नको, 0.005 टक्के ब्रोमॅडिओलोन या दुसऱ्या विषाचं आमिष ठेवा. त्याचा परिणाम काही दिवसांनी दिसतो, म्हणून उंदराला संशय येत नाही.

हे सगळं ओंबी निसवण्याआधी. दाणा भरल्यावर तुमच्या आमिषाला विचारतो कोण? आणि एकट्याने करू नका. शेजारच्या बांधावरून उंदीर पुन्हा येतील. अख्ख्या शिवाराने एकाच दिवशी बिळं बुजवली तर निम्मं काम तिथेच होतं. शेतात घुबडांसाठी टी आकाराचे खांब रोवा. हा सल्ला मी दर हंगामात देतो, कारण घुबड खरंच उंदीर खातं.

पीक विम्याचं विचारलंत: रब्बीचा हप्ता विमा रकमेच्या 1.5 टक्के, पण भरपाई पटवारी हलक्याच्या (एका पटवाऱ्याकडच्या गावांच्या) सरासरी उत्पादनावर ठरते. तुमच्या एका शेतातल्या उंदरांसाठी त्यावर विसंबू नका.

औषध उघड्या हाताने कालवू नका, काठी वापरा. मेलेले उंदीर खोल पुरा, कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नका. झिंक फॉस्फाइडवर उतारा नाही, म्हणून चुकून पोटात गेलं तर पाकीट घेऊन लगेच दवाखाना गाठा.