खोली तारकर्लीची, तक्रार पुण्यात

प्रश्न : दिवाळीत तारकर्लीला तीन रात्रींसाठी होमस्टे ठरवला. ‘खिडकीतून समुद्र दिसतो’ असं मालकांनी व्हॉट्सअॅपवर लिहिलं होतं. १८,००० रुपये यूपीआयने आगाऊ भरले. रात्री पोचलो, तर खोली आत वाडीत, खिडकीसमोर शेजाऱ्यांचा गोठा. एक रात्र काढून दुसरीकडे गेलो. मालक म्हणतात, ‘नो रिफंड’ कळवलं होतं. तो मेसेज मात्र पैसे भरल्यावर आला. आता तक्रारीसाठी सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मुख्यालयी, ओरोसला खेटे घालायचे का? – एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही तक्रार करता येते. म्हणजे पुण्यातच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही (हे मी वकील असूनही सांगतोय!) आणि ‘ई-जागृती’ पोर्टलवर घरबसल्या तक्रार दाखल होते. मुदत दोन वर्षांची आहे.

आता ‘नो रिफंड’चं. त्यांनी खोली देऊ केली, तुम्ही पैसे भरले, तिथे व्यवहार ठरला. मागाहून एकट्याने घुसडलेली अट तुमच्यावर बंधनकारक नाही. आणि ती आधी सांगितली असती, तरी तुमचा बेत रद्द झाला तर ती लागू. कबूल केलेली खोलीच दिली नाही, तर तिच्याआड लपता येत नाही. ‘समुद्राजवळ’ एवढंच लिहिलं असतं, तर मालकांना वाद घालायला जागा होती. तारकर्लीत समुद्र कुठून लांब? पण खिडकीतून समुद्र दिसतो की गोठा, यात मतभेदाला वाव नाही.

मागणी मात्र हिशेबात ठेवा. ज्या रात्री झोपलात तिचे ६,००० सोडून द्या. उरलेले १२,००० आणि दुसऱ्या जागेचं जास्तीचं भाडं बिलासकट मागा. मानसिक त्रासापोटी लाखाचे आकडे लिहायची हौस अनेकांना असते. त्याने खरी मागणीही पोकळ वाटू लागते.

फोनमधलं मूळ संभाषण पुसू नका, फोन बदलायचाही थांबवा. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याबद्दलचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. खिडकीचा फोटो काढला असेलच. नसेल तर त्या रात्री मालकांना केलेला तक्रारीचा मेसेज शोधा, तोही चालेल.

आधी स्पीड पोस्टाने १५ दिवसांची नोटीस पाठवा. कायद्याने ती सक्तीची नाही, पण बरेच मालक तिथेच पैसे परत करतात. नोटीस होमस्टेच्या नावे नको, मालकाच्या नावे हवी. यूपीआयच्या पावतीवर पैसे घेणाऱ्याचं नाव असतं. ते मालकाचंच आहे ना, हे ग्रामपंचायतीतल्या घरपट्टीच्या नोंदीवरून पडताळा, पत्ताही तिथेच मिळेल.

पुढच्या वेळी पैसे भरण्याआधी दोन गोष्टी मागा : पर्यटन खात्याच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेतल्या नोंदणीचा दाखला, आणि त्याच खोलीच्या खिडकीतून केलेला व्हिडिओ कॉल.