वाचकांचे प्रश्न : महाविद्यालयीन शिक्षकांचे ई-लर्निंग

सीमाभागातल्या पदवी महाविद्यालयांतून आलेल्या पत्रांपैकी काहींची उत्तरे या वेळी देत आहोत. दोन-तीन पत्रांत एकच विचारणा होती, ती एकत्र केली आहे.

प्रश्न : माझ्या पंधरा-वीस वर्षांच्या नोट्स श्री-लिपीत टाइप केलेल्या आहेत. एलएमएसवर (कॉलेजच्या ऑनलाइन अध्यापन-प्रणालीवर) चिकटवल्या की नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात. सगळे पुन्हा टाइप करायचे का? – मराठी विभाग, बेळगाव

पुन्हा टाइप करू नका. परिवर्तक नावाचे सॉफ्टवेअर तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या संकेतांत, बदलून देते. जुन्या फॉन्टमध्ये मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण फाइलच्या पोटात रोमन अक्षरांचेच संकेत साठवलेले असतात. एलएमएसवर तो फॉन्ट नसल्यामुळे आतले उघडे पडते. कन्नड विभागातल्या सहकाऱ्यांना नुडी या कन्नड टायपिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या फाइलींत हाच त्रास होतो, त्यामुळे हे काम दोन्ही विभागांनी एकत्र बसून केले तर बरे.

आधी फाइल वर्डमध्ये उघडून फॉन्टचे नेमके नाव आणि क्रमांक टिपून घ्या. शिवाजी, कृतिदेव आणि श्री-लिपी यांचे संकेत वेगवेगळे असल्याने परिवर्तक त्या-त्या फॉन्टचाच लागतो. बहुतेक गोंधळ इथेच होतो. एखादा परिवर्तक ‘चालत नाही’ असे वाटते तेव्हा बहुधा त्याला भलत्याच फॉन्टचा मजकूर दिलेला असतो.

दुसरी खबरदारी अशी, की मजकुरातले इंग्रजी शब्द, इसवी सन आणि संदर्भ आधी बाजूला काढा. परिवर्तक त्यांनाही मराठी समजून बदलतो आणि मग ते ओळखूही येत नाहीत. आधी एकच पान बदलून पाहा, ते नीट आले की पुढची घ्या.

बदललेल्या पानावर तीन गोष्टी तपासा. पहिली ऱ्हस्व वेलांटी: जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर साठवली जाते, म्हणून जोडाक्षरावर असली की हमखास घसरते. दुसरा रफार. तिसरी ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतली र ची आडवी खूण. ही परिवर्तकांना अनेकदा जमत नाही आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होऊन बसतो. शुद्धलेखन तपासनीस तो पकडत नाही, कारण ‘दर्या’ हाही शब्द बरोबरच आहे. ‘र्य’ आणि ‘र्ह’ शोधून प्रत्येक ठिकाणी नजर टाकण्यावाचून इलाज नाही.

फाइल हरवली आणि छापील प्रतच उरली असेल, तर ३०० डीपीआयला स्कॅन करा, गुगल ड्राइव्हवर चढवा आणि ती ‘गुगल डॉक्स’मध्ये उघडा. मराठीची अक्षरओळख आता वापरण्याजोगी झाली आहे. फाइल २ एमबीच्या आत ठेवावी आणि एका वेळी थोडीच पाने द्यावीत. झेरॉक्सच्या झेरॉक्सवर मात्र वेळ घालवू नका. तिथे टाइप करणेच लवकर होते.

यापुढचे लेखन इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक, कोणत्याही युनिकोड कीबोर्डवर करा. इनस्क्रिप्टचा फायदा असा, की तो शिकलेल्या हाताला कन्नडही लगेच जमते. दोन्ही लिप्यांत अक्षरांच्या जागा त्याच आहेत.

प्रश्न : ४५ मिनिटांचे व्याख्यान रेकॉर्ड केले, फाइल ४०० एमबीची झाली. जांबोटी, कणकुंबीकडची मुले म्हणतात, उघडतच नाही. – खानापूर

४५ मिनिटांना ४०० एमबी म्हणजे सेकंदाला सुमारे १२०० किलोबिट. पावसाळ्यात खानापूरच्या पश्चिम पट्ट्यात एवढा वेग सलग मिळेल ही अपेक्षाच धरू नये. त्यातून शिक्षकाचा चेहरा कोपऱ्यात हलत राहिला की फाइल आणखी फुगते, आणि त्या चेहऱ्यातून अर्थशास्त्र काही जास्त समजत नाही. सुरुवातीला अर्धा मिनिट दिसा, मग कॅमेरा बंद करा.

व्याख्यानाचे सात-आठ मिनिटांचे तुकडे करा, एका तुकड्यात एकच मुद्दा. ‘हँडब्रेक’ हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन ७२०पी, सेकंदाला १५ चित्रे, दर्जाचा आकडा २८ च्या आसपास आणि आवाज मोनो ४८ किलोबिट असे ठेवा. या सॉफ्टवेअरमध्ये आकडा वाढला की दर्जा आणि फाइल दोन्ही कमी होतात, उलट समजू नका. स्थिर स्लाइड असतील तर आठ मिनिटांचा तुकडा साधारण २० एमबीत बसतो. ‘वेब ऑप्टिमाइज्ड’ या चौकटीत खूण करायला विसरू नका. त्याने फाइलची अनुक्रमणिका शेवटून सुरुवातीला येते आणि पूर्ण उतरण्याआधीच चित्र सुरू होते. स्लाइडवरची अक्षरे २८ पॉइंटपेक्षा लहान नकोत, कारण बघणारा फोनवर बघतो.

प्रत्येक तुकड्याची फक्त आवाजाची प्रतही द्या. ३२ किलोबिट मोनोने आठ मिनिटे दोन एमबीच्या आत येतात. सोबत दोन पानांची पीडीएफ दिली तर व्हिडिओ न उघडलेल्या मुलाचेही काम भागते. व्हॉट्सॲपवर पाठवायचे असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवला की तो पुन्हा दाबला जातो आणि फळ्यावरची अक्षरे पुसट होतात.

रेकॉर्डिंग ओबीएस या मोफत सॉफ्टवेअरने करत असाल तर आधी एमकेव्ही प्रकारात करा आणि नंतर तिथल्याच ‘रीमक्स’ सोयीने एमपी४ करून घ्या. साध्या एमपी४ची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवताना लिहिली जाते. मध्येच वीज गेली तर चाळीस मिनिटांची फाइल उघडत नाही. एमकेव्हीत तोवरचे सगळे हाती राहते. माइक तोंडापासून वीतभर, पंखा बंद. रिकाम्या वर्गापेक्षा पुस्तकांनी भरलेली स्टाफरूम बरी, आवाज घुमत नाही.

तुमचा एलएमएस मूडल (मोफत मिळणारी प्रणाली) असेल तर आणखी एक सोय आहे. मूडलचे मोबाइल ॲप धडे उतरवून ठेवते. मुलगा कॉलेजच्या वायफायवर उतरवून घेतो आणि घरी नेट नसताना पाहतो. मात्र हे मूडलमध्येच चढवलेल्या फाइलींना लागू आहे. यूट्यूबचा दुवा नुसता चिकटवला असेल तर तो घरी उघडणार नाही. चढवताना फाइल नाकारली गेली तर दोष तुमचा नाही. सर्व्हरवर पीएचपीची (मूडल ज्या संगणकीय भाषेत चालते तिची) मूळ मर्यादा एका फाइलला २ एमबी आणि एका वेळच्या एकूण पाठवणीला ८ एमबी एवढीच असते. मर्यादा साइटची, विषयाची आणि सर्व्हरची अशी तीन ठिकाणी असते आणि त्यांतली सर्वांत लहान लागू होते. तिन्ही वाढवायला सांगा. ऑपरेटर बहुधा एकच वाढवतो आणि ‘झाले’ म्हणतो.

कॉलेजातच नेट लंगडे असेल तर ‘मूडलबॉक्स’ पाहावे. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर मूडल बसवलेली ही तयार मोफत प्रणाली आहे. तो स्वतःचे वायफाय सोडतो आणि मुले इंटरनेटशिवाय त्याला जोडून घेतात. ३२ जीबीचे चांगल्या कंपनीचे मेमरी कार्ड घ्या. रास्पबेरी पाय ४ असेल तर ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा चार्जर लागतो. मोबाइलच्या जुन्या चार्जरवर तो अधूनमधून आपोआप बंद पडतो. अख्खा वर्ग एकदम जोडायचा असेल तर त्याचे स्वतःचे वायफाय पुरत नाही, केबलने वेगळा ॲक्सेस पॉइंट लावा. वीज अचानक गेली की कार्डावरचा मजकूर बिघडतो, म्हणून छोटा यूपीएस आणि दर आठवड्याला कार्डाची प्रत, हे दोन्ही हवेच.

आणि ज्या घरी फोनच एक आहे, तिथे टीव्ही आहे का ते विचारा. ‘स्वयंप्रभा’च्या शैक्षणिक वाहिन्या डीडी फ्री डिशवर मासिक भाड्याशिवाय दिसतात. रोज किमान चार तासांचा नवा कार्यक्रम दिवसभरात आणखी पाच वेळा दाखवतात, त्यामुळे सकाळी चुकले तर रात्री सापडते.

प्रश्न : प्राचार्य म्हणतात, ‘प्रशिक्षण घ्या’. स्वयम करावे की मालवीय मिशनचे? बढतीला कोणते चालते? – चिकोडी

दोन्हींचे काम वेगळे आहे. मालवीय मिशन प्रशिक्षण केंद्रे म्हणजे पूर्वीची मानव संसाधन विकास केंद्रे. सप्टेंबर २०२३ पासून ती या नावाने चालतात. तिथे ठरलेल्या वेळी ऑनलाइन हजर राहावे लागते, त्यामुळे सुट्टीची परवानगी आधी घ्या. स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर आठवड्याचा अभ्यास आपल्या वेळेने होतो, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यावी लागते. अभ्यासक्रम मोफत असला तरी परीक्षेची नोंदणी आणि शुल्क वेगळे आहे. ती तारीख चुकली की बारा आठवड्यांच्या कष्टाचे प्रमाणपत्र मिळत नाही. पत्रांत सर्वांत जास्त तक्रारी याच एका गोष्टीच्या आहेत.

स्वयमवरच्या एनपीटीईएल (आयआयटींनी चालवलेल्या) अभ्यासक्रमांत गृहपाठाला २५ आणि परीक्षेला ७५ गुण असतात. गृहपाठात किमान १० आणि परीक्षेत किमान ३० हवेत. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात उत्तम आठ गृहपाठ धरतात, म्हणून पावसात एखादा आठवडा बुडाला तरी घाबरू नये.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाच्या पहिल्या बढतीसाठी २१ दिवसांचा उद्बोधन वर्ग लागतो. त्याखेरीज जे पर्याय दिले आहेत त्यांत रिफ्रेशर कोर्स किंवा प्रमाणपत्रासह एक ‘मूक’ (MOOC, म्हणजे सर्वांना खुला ऑनलाइन) अभ्यासक्रम असा एकेक पर्याय आहे. चार भागांतले ई-साहित्य स्वतः तयार करणे हाही त्यांतलाच पर्याय: व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि चर्चा. आमच्या मते तोच सर्वांत कामाचा, कारण प्रमाणपत्र फाइलीत राहते आणि साहित्य वर्गात वापरता येते. अर्ज करण्यापूर्वी विद्यापीठाचे चालू परिपत्रक पाहून घ्या.

साधने शिकायची असतील तर आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ घ्या. सुमारे दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत, त्यांतले बरेच मराठीत आणि कन्नडमध्येही ऐकता येतात. पडद्याच्या एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर उघडे ठेवून थांबत थांबत करायचे असते. नुसते ऐकून सोडले तर काहीच हाताला लागत नाही.

प्रश्न : १०० मराठी प्रश्नांची वर्ड फाइल मूडलमध्ये जात नाही. – निपाणी

वर्ड फाइल तशीच जात नाही. सर्वांत सोपा प्रकार ‘आयकेन’ (Aiken) या साध्या मजकूर-फाइलीचा आहे: प्रश्न एकाच ओळीत, प्रत्येक पर्याय स्वतंत्र ओळीवर, शेवटी उत्तराची ओळ. पर्यायांपुढे अ, ब, क, ड लिहिले की फाइल नाकारली जाते. तिथे ए, बी, सी, डी ही रोमन मोठी अक्षरेच लागतात, पुढे टिंब किंवा कंस आणि एक जागा. उत्तराच्या ओळीतला ‘आन्सर’ हा शब्दही रोमन मोठ्या अक्षरांत (ANSWER) आणि लगेच कोलन (:), देवनागरी विसर्ग नव्हे. बाकी सगळे खुशाल मराठीत.

फाइल नोटपॅडमध्ये घेऊन जतन करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा. एएनएसआय निवडले तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उरते, आणि ती परत मराठी होत नाही. आधी पाच प्रश्न चढवून पाहा. प्रश्नांना ‘१)’, ‘२)’ असे क्रमांक घालू नका, मूडलने क्रम बदलला की विद्यार्थ्यांना ३७ नंतर ४ दिसतो. पर्यायांची उलटापालट चालू असेल तर ‘वरीलपैकी सर्व’ हाही पर्याय टाळा. संख्याशास्त्रवाल्यांसाठी: ‘गिफ्ट’ प्रकार वापरलात तर सूत्रातल्या बरोबरच्या चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ द्या, नाहीतर मूडल त्यालाच उत्तर समजते.

प्रश्न : बीकॉमच्या वर्गात अर्धी मुले मराठी माध्यमातून, अर्धी कन्नड माध्यमातून आलेली, शिकवणे आणि पेपर इंग्रजीत. तीन भाषांत तीन व्हिडिओ करायचे का? – अथणी

नको, एका सत्रात थकून जाल. व्हिडिओ एकच आणि इंग्रजी संज्ञा कायम ठेवून केलेला असावा. मूडलमधली ‘ग्लॉसरी’ मात्र तीन भाषांची करा. त्यात इंग्रजी संज्ञा, कन्नड प्रतिशब्द, मराठी प्रतिशब्द आणि एका ओळीचे उदाहरण लिहा. ‘ऑटो-लिंकिंग’ चालू केले की नोट्समध्ये ती संज्ञा जिथे येईल तिथे आपोआप दुवा तयार होतो. एका घटकाला २५-३० संज्ञा पुरेत. मराठी शब्द महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाच्या ऑनलाइन परिभाषा कोशांत मिळतात. पण तेरीज, ताळेबंद, खातेवही हे शब्द मुलांच्या घरच्या दुकानातही असतात, तिथे कोशापेक्षा त्यांनाच विचारा. कन्नड रकाना कन्नड विभागाकडून तपासून घ्या, यंत्राच्या भाषांतरावर सोडू नका.

प्रश्न : विश्वकोशातली नोंद किंवा पुस्तकाचे प्रकरण स्कॅन करून टाकले तर चालते का? – हुक्केरी

मराठी विश्वकोश ऑनलाइन मोफत वाचता येतो, तेव्हा नोंद उतरवण्यापेक्षा दुवा द्या. पुस्तकाबाबत कॉपीराइट कायदा १९५७ चे कलम ५२ शिक्षकाला शिकवण्याच्या ओघात प्रती करण्याची सवलत देते, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या प्रकरणात ती उदारपणे लावली. ती सवलत वर्गासाठी आहे, म्हणून असा भाग पासवर्ड असलेल्या वर्गातच ठेवा. तेच प्रकरण उघड्या यूट्यूब वाहिनीवर वाचून दाखवणे ही वेगळी गोष्ट झाली.

प्रश्न : मी अतिथी व्याख्याता आहे. वर्ष संपले की एलएमएसचे खाते बंद होते आणि केलेले सगळे जाते. – खानापूर

खाते बंद होण्याआधी विषयाच्या पानावरून ‘बॅकअप’ घ्या. एमबीझेड प्रकारची फाइल मिळते. ती त्याच किंवा नव्या आवृत्तीच्या मूडलमध्ये पुन्हा उघडते, जुन्या आवृत्तीत उघडेलच असे नाही. प्रश्नसंच वेगळा निर्यात करून ठेवा, तो साध्या नोटपॅडमध्येही वाचता येतो. मूळ स्लाइड आणि व्हिडिओ पेनड्राइव्हवर असू द्या. कॉलेजच्या गुगल खात्यातल्या फाइलींची मालकी बाहेरच्या खात्याला देता येत नाही, म्हणून त्यांची प्रत काढून उतरवून घ्या. विद्यार्थ्यांचे गुण आणि फोन क्रमांक मात्र सोबत नेऊ नका, ते कॉलेजकडेच राहू द्या.